गावाला निघालेले

"माझा अंगठा मोठा आहे, त्यात माझी काय चूक? देवानं दिला तसा वापरतो."

शांताराम भावजी हे कोणाला सांगत नव्हते. माळ्याखालच्या काळोख्या खोलीत, तांदळाच्या पिंपाकडे तोंड करून एकटेच पुटपुटत होते. मी नारळ काढायला आत गेले होते आणि दोन पिंपांच्या मधे वाकलेली होते, म्हणून त्यांना दिसले नाही. बाहेर मांडवात त्यांच्या मुलीला, प्रणालीला, हळद लागत होती. सकाळचे दहा वाजले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी लग्न. आणि मुलीचा बाप काळोखात अंगठ्याशी भांडत उभा. मी खाकरले.

"वहिनी, तुम्ही आहात होय! बरं झालं." मग थोडं थांबून म्हणाले, "बरं नाही झालं. वाईटच झालं."

त्यांनी फोन पिंपाच्या झाकणावर ठेवला, तापलेला तवा ठेवावा तसा, आणि दोन पावलं मागे सरले. मी पदराला हात पुसून वाचलं. आमच्या भावकीच्या ॲपवर निधनाची बातमी होती. गणपत रावजी भुवड, वय बहात्तर, बडोद्याला आज पहाटे झोपेतच गेले. मुलगा परदेशातून निघाला आहे, अंत्यविधी उद्या शुक्रवारी सकाळी दहा वाजता. खाली बारीक अक्षरात: 'पाहिलं: १. शांताराम भुवड.' त्याच्याही खाली झेंडूचं एक फूल.

"हे फूल कसलं?" मी विचारलं.

"तेच सांगतोय ना! मी हळदीचा फोटो टाकायला गेलो. हे मधे आलं. घालवायला म्हणून अंगठा लावला तर फूल पडलं. आता ते जात नाही. म्हणजे मी बातमी पाहिली आणि वर श्रद्धांजलीपण वाहिली, असं सगळ्या भावकीला दिसणार."

गणूकाका म्हणजे भावजींचे सख्खे चुलते. माझ्या नवऱ्याचेही. आमच्यात चुलत्याचं सुतक दहा दिवसांचं. सुतकात लग्न लागत नाही. पण आमच्या भावकीची एक जुनी रीत होती, आणि ती समजल्याशिवाय पुढचं समजणार नाही. लांब गावी माणूस गेला तर सुतक तो गेल्यापासून नाही, बातमी कानावर आल्यापासून लागतं. कानावर आलीच नाही तोवर घर मोकळं. गिरणीत गेलेल्या, बोटीवर गेलेल्या माणसांच्या बातम्या पूर्वी आठ-आठ दिवसांनी यायच्या, तेव्हापासूनची ही सोय. सोयीचा फायदाही लोक घेत आले होते. पोस्टमन दारात दिसला की लग्नघरातली माणसं मागल्या दारानं वाडीत जायची, असं माझ्या सासूबाई सांगायच्या.

"दार लावून घ्या," भावजी म्हणाले. "मी सोनूदादांना आणतो. तोवर कोणाला बोलू नका. आणि वहिनी, ते ॲप तुमच्याच हाती आहे ना? काढून टाका तेवढं."

माझ्या हाती! ऐकून मला हसू यायला हवं होतं.

माझ्या हाती जे होतं ते ॲप नव्हतं, पान होतं. ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर आला तेव्हा वर्षभर त्याच्यावर टेबलक्लॉथ घालून ठेवला होता. मी तिथे झाडलोट करायचे. नववी नापास. ग्रामसेवक जेवायला गेले की टेबलक्लॉथ काढून बसायचे. एक मराठी पुस्तक मिळालं, त्यात इंटरनेटवर पान कसं करायचं ते दिलं होतं. आठ महिने लागले, पण पान झालं. 'भुवड भावकीची वार्ता'. पांढऱ्यावर काळं. चित्र नाही, काही नाही. चार मथळे: जन्मलेले, लग्न ठरलेले, वारलेले, गावाला निघालेले. शेवटचा मथळा माझा आवडता. 'बाळाराम धोंडू, शनिवारची मुंबई-देवरुख, बरोबर दोन बोजे, उतरवून घ्यायला यावे.' एवढंच. तेवढ्यावर माणसं फाट्यावर उभी राहायची.

पान कोणालाही दिसायचं. नाव-गाव विचारत नसे. सुरतेच्या चहाच्या टपरीवर दिसायचं, कुवेतमध्ये दिसायचं. रोज सकाळी मी एक प्रत छापून वाण्याच्या दुकानाला लावायचे, ती पलीकडच्या मोहल्ल्यातले हुसेनभाई मुकादम उभ्याउभ्या वाचायचे आणि कोण वारलं असेल त्याच्या घरी भेटून यायचे. ते कुठे भुवड होते? पण वाचायचे. आणि कोणी वाचलं, कोणी नाही, हे मला कळत नसे. कळावं असं कधी वाटलंही नाही.

मग सोनूदादांचा नातू सिद्धेश ठाण्याहून आला. हुशार मुलगा, वागायला गोड. त्यानं भावकीच्या सभेत 'गोतावळा' ॲप दाखवलं. त्यात वाढदिवस होते, राशिभविष्य होतं, तीस सेकंदांचे व्हिडिओ होते, पाककृतींची स्पर्धा होती, दर आठवड्याला 'भावकीचा तारा' निवडला जाणार होता. टाळ्या वाजवता येत होत्या. मी दाराशी उभी राहून विचारलं, "बाहेरच्या माणसाला वाचता येईल?"

"बाहेरच्याला कशाला, काकी? हे आपल्यांचं आहे."

"आणि आपल्याला ह्यातून बाहेर पडायचं झालं, तर आपण लिहिलेलं बरोबर नेता येईल?"

"बाहेर पडायचंच कशाला?" सिद्धेश म्हणाला. सगळे हसले. मीही हसले. मला 'व्यवस्थापक' असं नाव मिळालं, पान बंद झालं. ॲपवरचं छापता येत नव्हतं, तेव्हा वाण्याच्या दुकानाचा कागदही गेला. पुढे दोन वर्षांत ॲपही बंद पडलं, आणि त्यातलं एक अक्षर कोणाला बाहेर काढता आलं नाही. पण ते नंतरचं. मी सांगतेय ती गोष्ट ॲपला जेमतेम सहा महिने झाले होते तेव्हाची. त्यालाही आता नऊ वर्षं होतील.

सोनूदादा आले. भावकीतल्या पुरुषांत सगळ्यात वडीलधारे, चौऱ्याहत्तरीचे, शब्द त्यांचा शेवटचा. त्यांनी चष्मा लावून फोनकडे लांबूनच पाहिलं.

"शांताराम, तू वाचलंस?"

"वाचलं नाही, दादा. पाहिलं."

"फरक काय?"

"पाहिलं म्हणजे डोळ्यांसमोर आलं. वाचलं म्हणजे मनात गेलं. माझ्या मनात नाही गेलं."

"मग फूल कोणाला वाहिलंस?"

भावजी हळूच म्हणाले, "अंगठा मोठा आहे."

"रीत कानाची आहे," सोनूदादा विचार करत म्हणाले. "कानावर येणं. हे कानावर आलेलं नाही. कोणी बोललेलं नाही. खरं ना? आपण आत्ता कोणाचं नाव घेतलं?"

"नाही घेतलं," भावजी घाईघाईनं म्हणाले.

"मग अजून घर मोकळं आहे. सुगंधा, हे काढून टाक."

मी सांगितलं की मला काढता येत नाही. त्यांना पटलं नाही. "तू व्यवस्थापक ना?" मी फोन त्यांच्यासमोर धरून दाखवलं. व्यवस्थापकाला वाढदिवसाच्या शुभेच्छांचा रंग बदलता येत होता. तारा निवडता येत होता. निधनाच्या बातमीला पाच प्रकारची फुलं आणि तीन प्रकारच्या समया लावता येत होत्या. पण ती काढायची कळ कुठेच नव्हती. माझं एकच खास होतं: मी पाहिलं तरी 'पाहिलं'मध्ये माझं नाव येत नसे.

सिद्धेशला फोन लावला. तो कामावर होता. सोनूदादांनी फोन तोंडासमोर धरून, नाव न घेता, "ते आलंय ते घालव," असं तीनदा सांगितलं. त्याला शेवटी समजलं.

"आजोबा, निधन काढता येत नाही. नियमच तसा ठेवलाय, कोणी खोडसाळपणा करू नये म्हणून. पण मी खाली ढकलू शकतो."

"म्हणजे?"

"वर वाढदिवस टाकतो. पुढच्या महिन्यातले वीसेक आहेत, ते आजच दाखवतो. वर दोन स्पर्धा. एवढं खाली कोण जातंय बघायला?"

"टाक," सोनूदादा म्हणाले. फोन ठेवून त्यांनी कपाळ पुसलं. "पोरगा कामाचा आहे."

मग त्यांनी ठरवलं. भावजींचा फोन पिंपात, तांदळाच्या आत. घरात कोणी ॲप उघडायचं नाही. उद्या अक्षता पडल्या, मुलगी सासरी गेली, की परवा सकाळी सगळ्यांना सांगायचं.

मी दाराच्या फळीला धरून उभी होते. म्हटलं, "आत्येबायचं काय?"



जनाआत्या म्हणजे गणूकाकांची थोरली बहीण. लग्न होऊन गेली आणि दीड वर्षात विधवा होऊन परत आली, ती ह्याच घरात म्हातारी झाली. गणूकाका तिच्याहून सात वर्षांनी लहान. आई लवकर गेली, तेव्हा त्यांना कडेवर घेऊन फिरलेली ती. ह्या लग्नाला ते यायचे होते. आठ दिवस तिच्या तोंडात तेच होतं. त्या दिवशी सकाळी तिनं त्यांच्यासाठी विहिरीचं ताजं पाणी तांब्याच्या कळशीत भरून वर फडकं बांधून ठेवलं होतं. बडोद्याचं पाणी गोड नसतं म्हणे.

"साडेचारची गाडी आहे," मी म्हटलं. "हे अडीचला जीप घेऊन स्टेशनवर जाणारच आहेत, मुंबईची पाहुणेमंडळी आणायला. आत्येबायला त्याच जीपनं नेऊन गाडीत बसवलं तर सकाळी सातला बडोदं. तोंड बघायला मिळेल. रात्रीच्या गाडीनं नाही मिळणार."

"आणि तिला काय सांगून जीपमध्ये बसवणार?" सोनूदादांनी विचारलं.

"खरं ते."

"खरं सांगितलं की ती रडणार. ती रडली की सगळ्या घराच्या कानावर गेलं. मग?" ते माझ्याकडे नाही, फळीकडे बघत होते. "नवरामुलगा बोटीवरचा. पुढल्या बुधवारी जातो, तो नऊ महिन्यांनी येणार. त्याच्या घरचे थांबतील? तू जबाबदारी घेतेस?"

मी घेतली नाही. खरं सांगायचं तर मला त्या वेळी बरंच वाटलं, की कोणीतरी माझ्या वतीनं 'नाही' म्हणालं.

जेवणं झाली. दर तासाला मी कोपऱ्यात जाऊन ॲप उघडायचे, वीस वाढदिवस ओलांडून खाली जायचे आणि बघायचे. अकराला 'पाहिलं: ४'. बाराला ७. एकला ११. नावं दिसत होती. भावजींची बायको. दोन्ही जावा. आचाऱ्याला मदत करणारा बाळाराम. ज्यांना उघडू नका म्हणून सांगितलं होतं त्या सगळ्यांनी, उघडू नका म्हटलं म्हणजे आहे तरी काय, म्हणून एकेकट्यानं उघडलं होतं. आणि प्रत्येकाला दुसऱ्यानं पाहिल्याचं दिसत होतं. जेवणाच्या पंगतीत कोणी मान वर करत नव्हतं. भात वाढताना जाऊबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "आमटी बरी झालीय ना?" मी म्हटलं, "बरी झालीय." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. दोघींनी ते कांद्यावर घातलं.

प्रणालीनं मला न्हाणीच्या दाराशी गाठलं. हळद धुऊन झाली होती, कानांमागे राहिली होती. तिचा फोन आईनं सकाळीच काढून घेतला होता.

"काकी, काय झालंय?"

"कुठे काय?"

"बाबा कोणाकडे बघत नाहीत. आई मघापासून मीठच शोधतेय. मीठ समोर आहे."

"लग्नघर आहे, बाय. असंच असतं."

"मुलाकडचं काही आहे का?"

"नाही गो."

"मग कोणाकडचं?"

मी तिच्या कानामागची हळद पदरानं पुसली. "तू ओल्या केसांनी उभी राहू नको," म्हटलं आणि निघाले. ती थोडा वेळ तिथेच उभी राहिली. मला पाठीला कळत होतं.

दोन वाजून गेले असतील. मागल्या दारी जनाआत्या वाल सोलत बसली होती. दुसऱ्या दिवशीच्या बिरड्याचे भिजवलेले वाल, मोठी परात भरून. हळदीच्या वेळी विधवा बाईनं पुढे यायचं नाही म्हणून सकाळपासून ती तिथेच होती आणि त्याचं तिला काही वाटत नव्हतं. किंवा वाटत असेल, आम्ही विचारलं नव्हतं.

"सुगंधे, ये गो. बस जरा. तुझा तो फोन हाय काय?"

"आहे. का?"

"गनू काल निघनार व्हता. सकाळी यायला हवा व्हता. माझ्या ह्या डबड्यावरनं फोन लावते तर उचलत न्हाय. तुझ्या त्यात येतं ना, कोन निघाला, कोन आला? वाच की."

जवळजवळ सहा महिन्यांनी तिनं मला पुन्हा वाचायला सांगितलं होतं. पान होतं तेव्हा ती रोज सकाळी यायची, पायरीवर बसायची, मी चारही मथळे वाचायचे. पाच मिनिटांत सगळी भावकी तिच्या पदरात. ॲप आल्यावर मी चार-सहा दिवस वाचून दाखवलं. तिच्या साध्या फोनवर ते चालत नव्हतं, म्हणून माझ्याच फोनवरचं. अर्धा तास ऐकून ती म्हणाली होती, "ह्यात मानसं कुठं हायत गो? नुसती जत्रा हाय." मग आली नाही.

मी तिच्याजवळ बसले. फोन उघडला. बोट खाली नेलं असतं तर वीस वाढदिवसांच्या तळाशी तिचा भाऊ होता. बोट वरच ठेवलं. आणि वर काय होतं ते मी सकाळपासून घाईत पाहिलंच नव्हतं.

वर एक बस होती. पिवळी, छोटी, चित्रातली. ती फोनच्या ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत जायची, नाहीशी व्हायची आणि पुन्हा ह्या कडेनं यायची. 'गावाला निघालेले' ह्या माझ्या जुन्या मथळ्याचं सिद्धेशनं केलेलं रूप. गणूकाकांनी मंगळवारी आपल्या हातानं कळ दाबून ठेवली होती. निघाले की नाही, हे कोणी त्यांना परत विचारलं नव्हतं. बस चालूच होती.

"हाय काय गनूचं?" आत्यानं वाल सोलता सोलता विचारलं.

"आहे."

"मग वाच ना."

"गणपत रावजी भुवड गावाला निघाले आहेत," मी वाचलं. जसं लिहिलं होतं तसं. एक अक्षर पदरचं घातलं नाही.

"बघ!" तिचा चेहरा असा उजळला की मी खाली परातीत बघितलं. "मी म्हनत व्हते ना. येनार तो. कुठवर आलाय?"

"ते नाही दिलेलं."

"मग काय दिलंय?"

"टाळ्या दिल्यात. सव्वीस जणांनी वाजवल्यात."

"निघाल्यावर कसल्या टाळ्या? पोचल्यावर वाजवायच्या. येडी कुठली." ती हसली. "बोजे किती हायत बरोबर? ते न्हाय लिवलं?"

"नाही."

"तू असतीस तर लिवलं असतंस."

अंगणात जीपचा हॉर्न वाजला. एकदा. मग दोनदा. माझा नवरा घरात कोणाला बोलवायचा असेल तर असा हॉर्न वाजवत नसे, हाक मारायचा. मी उठले नाही. थोड्या वेळानं ते स्वतःच मागल्या दारी आले. हातात किल्ली. त्यांनीही पाहिलं होतं, बारावं नाव त्यांचं होतं.

"स्टेशनला चाललोय," ते म्हणाले. माझ्याकडे बघत. "जागा आहे गाडीत. जाताना रिकामीच आहे."

मी परातीतला एक वाल सोलायला घेतला.

"कोणाला यायचं असेल तर," ते म्हणाले.

"आरं, आमी कोन येनार?" आत्या म्हणाली. "वाल कोन सोलील? तू जा. आनि दत्ताराम, गनू त्याच गाडीनं आला तर बघ. टोपी घालतो हल्ली. तुला पटकन वळखू येनार न्हाय. हाक मार त्याला, ऐकू कमी येतं."

"हो," ते म्हणाले.

"मोठ्यानं मार."

"हो, आत्ये."

तरी ते उभेच. त्यांनी किल्ली ह्या हातातून त्या हातात घेतली. मी मान खाली घातली, आणि माझी मान खाली गेलेली बघून ते गेले. पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझं इतकं निमूट कधी ऐकलं नव्हतं. जीप उतार उतरली, ओढ्यावरच्या साकवावर खडखडली, मग वळणापलीकडे आवाज गेला. पुढे घाट, तिथे फोन लागत नाही.

"वाच, पुढचं वाच," आत्या म्हणाली. "आज वेळ हाय. सगळं वाच."

मी वाचायला लागले. सगळं वाचलं. घाटकोपरच्या मनस्वीला चौथ्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. वापीच्या सुभाष भुवडांना साठाव्या. वृश्चिक राशीला प्रवासाचे योग. कोणाच्या फणसाच्या भाजीला पहिलं बक्षीस. ह्या आठवड्याचा तारा, चेंबूरचा कोणी मुलगा, स्केटिंगमध्ये. सहा महिने मी ह्या सगळ्याला नावं ठेवत होते. त्या दुपारी मला ते पुरेना. एक संपला की दुसरा वाढदिवस, तो संपला की तिसरा, आणि मी हळू वाचत होते, अक्षर लागत नाही असं दाखवत होते, कारण त्यांच्याखाली काय आहे ते मला माहीत होतं आणि वाढदिवस कमी कमी होत चालले होते.

आत्या मनापासून ऐकत होती. "साठ झाली सुभ्याला? परवा तर शेंबूड पुसत व्हते त्याचा." मधेच म्हणाली, "गनूचा कवा असतो गो वाढदिवस? कोनाला ठावंच न्हाय. पावसात झाला व्हता एवढं मला आठवतं. मी बाहेर उभी व्हते सूप डोईवर धरून."

मी वर बघितलं. मागल्या दारात सोनूदादा येऊन उभे होते. त्यांच्यामागे शांताराम भावजी, भावजींची बायको, एक जाऊ. कधी आले कळलंच नाही. कोणी आत येत नव्हतं, कोणी जात नव्हतं. माझं वाचन ऐकत होते सगळे. सोनूदादांनी मला हातानं खूण केली, चालू ठेव.

"पनवेलच्या कुमारी श्रावणीला..." मी वाचलं. विसांतला हा सतरावा होता.

त्या माणसांना बाजूला करत प्रणाली आली. केस मोकळे, पायात नवी जोडवी अजून नव्हती, हिरवा चुडा तेवढा भरलेला. आईनं दंड धरला, तो तिनं सोडवला. भावजी काहीतरी म्हणाले, "प्रणू, तू इकडे नको," असं काहीसं. ती माझ्याजवळ आली, माझ्या हातातला फोन घेऊन तिनं पालथा पायरीवर ठेवला. मग आत्यासमोर उकिडवी बसली आणि तिची ओली बोटं आपल्या दोन्ही हातांत धरली. बांगड्या वाजल्या.

"काय गो, नवरीबाय?" आत्या म्हणाली. "वाल सोलायला आलीस? उद्या लगीन तुजं."

"आत्येआजी, गणूआजोबा गेले," प्रणाली म्हणाली. "आज पहाटे गेले. ह्या सगळ्यांना सकाळपासून माहीत आहे. मी आत्ता आईच्या फोनवर वाचलं."